चंदेरी पिशवीचा टाका

पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला, जिना उतरला की डाव्या हाताला, जप्त केलेला माल ठेवायची खोली होती. तिला सगळे कोठी म्हणत आणि ती सांभाळणाऱ्या हवालदाराला कोठीकाका. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. उभी नोकरी त्यांनी त्या खोलीत काढली होती. चोरीच्या सायकली, भांडणात फाटलेले कोट, भिंतीवरची घड्याळं, शिवणयंत्रं, एकदा तर एक पिंजऱ्यातला पोपट, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं.

कायद्याचं म्हणणं एवढंच होतं, की वस्तू जशी आली तशी राहावी. काकांना ते अपुरं वाटे. ते सायकलींच्या चाकांत हवा भरत, घड्याळांना चाव्या देत, शिवणयंत्राला तेल घालत. त्यांचे वडील शिंपी होते, त्यामुळे उसवलेलं अस्तर दिसलं की त्यांचा हात आपोआप सुईकडे जाई, आणि टाका असा घालत की कापडालाही कळू नये. खटला संपला की माणसं आपली वस्तू न्यायला माल द्यायच्या खिडकीपाशी येत. घड्याळ चालू बघून एका म्हाताऱ्या मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "चोराकडून आलं तेव्हा बंद होतं हो," असं म्हणून त्यांनी काकांचा हात बराच वेळ सोडला नव्हता. अशा दिवशी काका घरी जाताना जरा लांबच्या रस्त्याने जात.

आणि मग मॅडम आली.

म्हणजे हुद्द्याने ती काकांच्या फार वर नव्हती, वयाने तर मुलीसारखी. पण मोबाईल, संगणक, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असला माल हाताळायचं शिक्षण घेऊन आली होती, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला मॅडम म्हणू लागले. काकांना इतक्या वर्षांत कुणी साहेब म्हटलं नव्हतं. तिच्यासाठी कोठीच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली आणि मागची, वाऱ्याची खिडकी नेमकी तिच्या बाजूला गेली. पंखाही तिकडेच. तिच्या कपाटाला नवं कुलूप लागलं आणि त्याची किल्ली काकांच्या जुडग्यात आली नाही. ज्या खोलीतल्या प्रत्येक कुलपाची किल्ली आपल्या कमरेला, त्या खोलीत एक कुलूप परकं, ही गोष्ट काकांच्या डोळ्यांत कुसळासारखी खुपत राहिली.

चहा आधी तिच्या टेबलावर जाई. काहीही विचारलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं, "मॅडमना विचारा." घरी जावं तर बायको म्हणे, "अहो, माझ्या मोबाईलमधले फोटो कुठे गेले, तुमच्या त्या मॅडमना विचारा ना." काकांचा स्वतःचा मोबाईल बटणांचा होता. जेवता जेवता ते म्हणाले, "फोटो कशाला लागतात? मी आहे की समोर." बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा मोबाईलकडे बघितलं.

काका जळत होते, त्याला दुसरा शब्द नाही. मॅडम वाईट असती तर बरं झालं असतं, पण ती येता-जाता "काका, जेवलात का?" असं विचारी, आणि त्याने त्यांचा जळफळाट आणखी वाढे. वाईट माणसाचा राग करणं सोपं. गोड बोलणाऱ्या माणसाचा राग करायचा म्हणजे सगळा भार स्वतःच उचलावा लागतो. काकांनी तो निमूटपणे उचलला होता.

अशात लाकडी सामानाच्या एका कारखान्याला आग लागली. मालकाने लगेच एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं नाव घेतलं. तो पूर्वी त्याच्याकडे कामाला होता आणि भांडून गेला होता. पोलीस पोचले तेव्हा लिफ्टवाला जवळच्याच एका इमारतीच्या तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात, अंगाला ग्रीस फासून काम करत होता. आग लावून तिथे येऊन बसायला पुरेसा वेळ मिळाला असता, म्हणून त्याला धरला. तो एकच गोष्ट घोकत होता, की आग लागली तेव्हाही मी इथेच होतो. मोटर विचित्र आवाज करत होती, त्याचा व्हिडिओ काढून मी आमच्या सुपरवायझरला पाठवत होतो, पण खाली सिग्नल नाही, म्हणून गेला नाही. मोबाईलमध्ये बघा.

मोबाईल मॅडमने तिथल्या तिथे, तळघरातच, एका जाड चंदेरी पिशवीत घातला. पिशवीला सील लावलं आणि सीलवर आपल्या सहीशेजारी लिफ्टवाल्याचीही सही घेतली. काकांनी हे ऐकलं तेव्हा नाक मुरडलं. आरोपीची सही घ्यायची म्हणजे उद्या त्याला खुर्चीही द्या.

साहेबांना घाई होती. "त्याचं बोट लावा मोबाईलला," ते म्हणाले, "आत्ता उघडतो."

"न्यायालयाचा हुकूम येऊ दे, साहेब," मॅडम म्हणाली. "घराची झडती घ्यायला कागद लागतो ना? ह्याच्यात तर घरापेक्षा जास्त आहे. कुणाशी भांडला, कुठलं औषध घेतो, बहिणीशी काय बोलला. आपल्याला फक्त त्या संध्याकाळचं हवंय, तेवढंच बघायची परवानगी मी मागितली आहे. जबरदस्तीने बोट लावलं तर उद्या त्याचा वकील हेच पुढे करेल."

आणि साहेब थांबले. फळ्यांच्या भिंतीपलीकडून काका ऐकत होते. छप्पर गळतंय हे सांगायला ते एकदा साहेबांकडे गेले होते, तेव्हा साहेबांनी मान वर न करता नुसता हात हलवला होता. इथे कालची पोरगी 'नाही' म्हणाली आणि साहेब थांबले. त्या दिवशी काकांना डबा गोड लागला नाही.

पिशवी मात्र जप्तीचा माल म्हणून काकांच्याच फळीवर आली. दुसऱ्या गावी एका खटल्यात साक्ष द्यायला निघताना मॅडमने बजावलं, "काका, ही उघडायची नाही. हिच्यातून आत-बाहेर काही जात नाही, ना फोन, ना मेसेज. आतला मोबाईल चालू आहे आणि चालूच राहायला हवा, बंद पडला तर आतलं मिळणं अवघड होतं. एक छोटी बॅटरी जोडून ठेवली आहे. तेवढ्यात मी येतेच."

"आणि नाही आलात तर?"

"तर मला फोन करा." काकांच्या बाजूच्या कपाटाच्या दारावर तिने आपला नंबर चिकटवला होता, ठळक अक्षरांत.

साक्ष लांबली. रविवारी दुपारी ठाण्यात सामसूम होती. लिफ्टवाल्याची बहीण भावासाठी धुतलेले कपडे घेऊन आली होती, ती जाताना माल द्यायच्या खिडकीपाशी थांबली. "दादा म्हणतो, त्याचं सगळं त्या मोबाईलमध्येच आहे," ती म्हणाली. "नीट आहे ना तो?"

"बाई, माझ्याकडे आलेली वस्तू आजवर बिघडलेली नाही," काका म्हणाले. तिचा चेहरा जरा सैल झाला आणि ती गेली.

थोड्या वेळाने पिशवीतून आवाज आला. टुंक. मग बऱ्याच वेळाने पुन्हा, टुंक. बायकोचा मोबाईलही बॅटरी संपत आली की असाच आवाज करी. काका उठून फळीपाशी गेले. मोबाईल बंद पडता कामा नये, हे मॅडमचेच शब्द. समोर कपाटावर तिचा नंबर होता. टेबलावर फोन होता. पण फोन करायचा म्हणजे विचारायचं. आपल्याच कोठीत, आपल्याच फळीवरच्या वस्तूचं काय करू, हे तिला विचारायचं. काकांचा हात फोनकडे गेला नाही.

पिशवी उघडायची नव्हती, आणि काकांनी ती उघडली नाहीच. त्यांनी सुईने पिशवीच्या तळाची शिवण कोपऱ्यात थोडीशी उसवली. पुढच्या खोलीतली चार्जरची वायर आणून तिचं टोक आत सरकवलं आणि चाचपडत आतल्या बॅटरीला बसवलं. आवाज थांबला. काका शेजारी स्टूल ओढून बसले आणि दुपारभर पहारा दिला. संध्याकाळी वायर काढली आणि करड्या धाग्याने शिवण पुन्हा घातली. बोट फिरवून पाहिलं, त्यांचं त्यांनाही सापडेना. सील जसंच्या तसं, दोन्ही सह्या जागच्या जागी. तिच्या शिक्षणातून राहून गेलेली गोष्ट आपण सुई-दोऱ्याने निभावली, असं वाटून काका कधी नव्हे ते शीळ घालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याचा सुपरवायझर गोंधळलेल्या चेहऱ्याने ठाण्यात आला. काल दुपारी त्याच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता. अंधारा खड्डा, मोटरचा घरघराट आणि लिफ्टवाल्याचा आवाज, "साहेब, हे ऐका, बेअरिंग गेलंय बहुतेक." पाठवणाऱ्याचं नाव लिफ्टवाल्याचंच. "पण तो तर आत आहे ना?" सुपरवायझर म्हणाला. "मग मला पाठवला कुणी?"

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडम गावाहून थेट ठाण्यात आली, तिची बॅगसुद्धा खांद्यावरच होती, तेव्हा साहेबांनी पिशवी टेबलावर आपटली आणि सगळ्यांना खोलीत बोलावलं. काका दाराशी उभे राहिले.

"ह्या पिशवीतून मेसेज जात नाही, हे तुम्हीच सांगितलंत," साहेब म्हणाले. "माणूस कोठडीत, मोबाईल पिशवीत. मेसेज गेला म्हणजे पिशवी उघडली गेली. सील तुमचं आहे, दुसरं कुणी लावू शकत नाही. त्या दिवशी त्याची बाजू घेऊन माझ्याशी वादही तुम्हीच घातला होता. हा व्हिडिओ ठाण्यातून कुणीतरी बनवून घातलाय, असं मी वर लिहून पाठवतोय. पुढची चौकशी होईपर्यंत तुम्ही घरी बसा."

"मी इथे नव्हतेच, साहेब."

"मग तुमच्या माणसाने केलं असेल. आणि आता त्या मोबाईलमध्ये काहीही सापडलं तरी कोण मानणार? लिफ्टवाल्याच्या पुराव्याला तुम्हीच चूड लावलीत."

काकांना हळूहळू उमगत गेलं. वायर आत गेली, त्याच वाटेने आणखी काहीतरी आत गेलं असणार. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी त्यांना आनंद झाला होता. मॅडम खाली मान घालून उभी होती, तिला खुर्ची द्यायची कुणाला आठवण झाली नव्हती, आणि काकांना लाज वाटावी इतका आनंद झाला. फक्त गप्प राहायचं होतं. फळ्यांची भिंत पडली असती, वाऱ्याची खिडकी परत आली असती, पंखाही. मग त्यांना बाहेरच्या बाकावर लिफ्टवाल्याची बहीण दिसली, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन बसलेली, आणि आनंद ओसरला. तरी तोंड उघडेना. उभ्या नोकरीचं नाव एका दुपारी मातीत घालायचं, ते कुणासाठी, तर हिच्यासाठी?

"कोठीकाकांना विचारायचं का?" कुणीतरी म्हणालं.

साहेब हसले. "त्यांना काय विचारता? त्यांना मोबाईलची पुढची बाजू कुठली ते तरी कळतं का?"

दोघे-तिघे हसले. मॅडम हसली नाही. ती गंभीरपणे, अगदी मनापासून म्हणाली, "काकांना ह्यात ओढू नका, साहेब. ते असलं काही करणार नाहीत. आणि त्यांना ते जमणारही नाही."

साहेबांचं हसणं काकांनी गिळलं असतं. पण ती त्यांची बाजू घेत होती. स्वतः बुडताना त्यांच्यावर दया करत होती, आणि वर म्हणत होती की जमणार नाही. काकांच्या डोक्यात काहीतरी फटकन तुटलं.

"का नाही जमणार?" ते म्हणाले.

काका पुढे आले, त्यांनी पिशवी उलटी करून मॅडमसमोर धरली. "शोधा. कुठे उसवली होती ते दाखवा."

मॅडमने पिशवी उजेडाला धरली, बॅगेतून भिंग काढलं, शिवणीवरून दोनदा फिरवलं. सापडेना. काकांनी तो क्षण पुरेपूर उपभोगला आणि मग नखाने कोपरा दाखवला. "इथे. वायर घातली, चार्ज केला, परत शिवलं. तुम्हीच म्हणाला होतात, बंद पडू देऊ नका. सील तोडलं नाही, मोबाईल उघडला नाही, मला येतही नाही." शेवटचे शब्द बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

मॅडम खुर्चीत बसली, कुणी दिली नव्हती तरी. "वायरच्या भोकातून सिग्नल आत गेला, काका. अडकलेला मेसेज बाहेर पडला." मग तिचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "मला एक फोन का नाही केलात?"

ह्या प्रश्नाचं उत्तर काकांकडे होतं, पण ते साहेबांसमोर देण्यासारखं नव्हतं. साहेबांनी वर लिहून पाठवायचं तूर्त थांबवलं.

मग तिने त्यांना आपल्या बाजूला, पंख्याखाली बसवून त्यांचा जबाब लिहून घेतला. कुठली वायर, केव्हा लावली, केव्हा काढली, तेव्हा खोलीत कोण होतं. काका म्हणाले, "हे कागदावर आलं तर माझं काय होईल?"

"तुम्हाला ठपका मिळेल," ती म्हणाली. "पण न आलं तर तो माणूस आत राहील. मोबाईल आपली आपण नोंद ठेवतो, काका. चार्जर कधी लागला, कुलूप उघडलं की नाही, व्हिडिओ कधी काढला. ती नोंद आणि तुमचा जबाब जुळला, की मग कुणी काही बनवलं असं म्हणता येणार नाही."

न्यायालयाचा हुकूम आला. मोबाईलची नक्कल करताना लिफ्टवाल्याचा वकील हजर होता आणि मॅडमने काकांनाही बोलावलं. तिने संगणकावर आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ काढून दाखवली. आतल्या मजकुरात एक अक्षर जरी हललं तरी ही ओळ सगळी बदलते, ती म्हणाली, म्हणून ती आधीच सगळ्यांच्या देखत काढून सही करून ठेवायची. काकांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे तुमचा टाका," ते म्हणाले.

"हो. फक्त उलटा. तुमचा दिसत नाही म्हणून चांगला. माझा उसवला तर दिसलाच पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग नाही."

काकांना हे पटलं, आणि पटलं ह्याचाच राग आला.

नोंदी जुळल्या. व्हिडिओ आग लागली त्याच वेळचा निघाला, खड्ड्यातला, आणि मोबाईलचं कुलूप त्यानंतर कुणी उघडलंच नव्हतं. लिफ्टवाला सुटला. निकालपत्रात मॅडमच्या कामाचं कौतुक होतं, चांगलं परिच्छेदभर. काकांचा उल्लेख 'संबंधित कर्मचारी' असा एका ओळीत होता, आणि त्या ओळीत 'निष्काळजीपणा' हा शब्द होता. इतकी वर्षं काळजी करण्यात घालवलेल्या माणसाला हा शब्द! काकांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. घरी बायकोला त्यांनी निकालपत्र दाखवलं नाही. तिने मॅडमबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तिचं काय, ती मजेत आहे," आणि लवकर झोपले.

मोबाईल परत द्यायचा दिवस आला. सकाळी काकांनी चंदेरी पिशवी फळीवरून काढली. आतली बॅटरी केव्हाच संपली होती आणि मोबाईल बंद पडला होता. काकांनी वायर हातात घेतली. मग ती खाली ठेवली. फळ्यांच्या भिंतीपाशी गेले. कपाटावरचा तो नंबर अजून तिथेच होता. त्यांनी घसा खाकरला.

"मॅडम."

हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता. पलीकडे टंकलेखन थांबलं.

"आता चार्ज केला तर चालेल का?"

"आता चालेल, काका," ती म्हणाली. "आता तो त्याचा आहे."

दुपारी लिफ्टवाला बहिणीला घेऊन माल द्यायच्या खिडकीपाशी आला. त्याने सही केली, मोबाईल चालू केला आणि पडदा बहिणीकडे फिरवला. "अगं, पूर्ण चार्ज आहे," तो म्हणाला. मग मान उंच करून काकांच्या खांद्यावरून पलीकडे, फळ्यांच्या भिंतीकडे बघितलं. "मॅडमनी करून ठेवला वाटतं. किती काळजी घेतात."

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'हो' म्हणून टाकावं, असं त्यांना वाटलं, आणि क्षणभर ते म्हणणारही होते.

"मी केला," ते म्हणाले.

लिफ्टवाला त्यांच्याकडे बघू लागला. पलीकडे टंकलेखन पुन्हा थांबलं होतं. काकांनी किल्ल्यांचं जुडगं उगाच कमरेला नीट अडकवलं.

"मॅडमना विचारून," ते म्हणाले.